बाजूची खाट

कापूस आणायला म्हणून मी दवाखान्याबाहेर गेले होते. धाकट्या भावाच्या कानात घालायला. तो सुतार. पायात गंजका खिळा घुसला, तर चिंधी बांधून पुन्हा रंधा मारायला बसला. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या घरच्या पुरुषांना भारी मोठेपणा वाटतो. आठवड्याने दातखीळ बसली. धनुर्वात.

या रोग्याला उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. साधा चमचा पडला तरी अंग कमानीसारखं वाकतं. म्हणून त्या खोलीला दिवसासुद्धा काळे पडदे. चपला बाहेर, बोलायचं ते कानाशी. फिनेल आणि घामाचा कोंदट वास. सिस्टर इंजेक्शनही अंधारात चाचपूनच भरायच्या आणि टोचायच्या, वर्षानुवर्षांची सवय. आत दोनच खाटा. बाजूच्या खाटेवरचा गवंडी आदल्या रात्री गेला, तेव्हापासून तिथली गादी गुंडाळून ठेवलेली होती.

कालपर्यंत सुई निघता निघता भाऊ सैल पडायचा. सकाळपासून मात्र काही केल्या झटके थांबेनात. सिस्टर म्हणाल्या, दुखणं वाढलंय, मन घट्ट करा. कसलं घट्ट करते! कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ तो.

कापूस घेऊन परतले आणि अंधारात चाचपडत स्टुलावर बसले. तेवढ्यात कानाशी कोणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज, दात न उघडता बोलल्यासारखा.

"ताई... ते औषध नाही... मलाही तेच दिलं होतं..."

मी हात पुढे केला. गुंडाळलेली गादी हाताला लागली. आणखी काही नाही.

किंचाळायचीही सोय नव्हती. आवाज झाला असता तर भाऊ हातचा गेला असता. तोंडात पदर कोंबून मी व्हरांड्यात आले आणि सिस्टरांचा हात धरला. काय ऐकलं ते सांगितलं नाही, त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. एवढंच म्हटलं, औषध एकदा उजेडात बघा. त्या चिडल्या, पण उठल्या. दवाखान्यातला साठा संपल्यामुळे बाहेरून नवं खोकं आणलं होतं. त्यातली एक काचेची कुपी फोडून त्यांनी वाटीभर पाण्यात ओतली. खरं औषध पाण्यात पडलं की दुधाळ होतं, म्हणाल्या. आम्ही दोघी वाटीकडे बघत राहिलो. पाणी नितळच राहिलं.

सिस्टरांनी ते खोकं दूर सारलं. "काल गवंड्याला यातलंच दिलं मी..."

मी धावत सुटले. सगळं गाव पालथं घातलं आणि लांबच्या एका दुकानातून तीन कुप्या आणल्या. एक वाटीत फोडली, पाणी पांढरं झालं. दुसरी भावाला टोचली. हळूहळू त्याच्या मुठी सुटल्या, पाठ गादीला टेकली. मी पोटभर रडले, तेही आवाज न करता. तिसरी कुपी पुढच्या वेळेसाठी त्याच्या उशाखाली ठेवली.

मग माझ्या मांडीवर एक हात येऊन पडला. उघडा, गार, सिमेंटने खरबरीत झालेला. सुईसाठी पुढे करतात तसा, तळवा वर करून.

"आता मला द्या ना, ताई..."

मी डोळे गच्च मिटले. आधीच अंधार, त्यात डोळे मिटून काय होणार, पण मिटले. किती वेळ तो हात तसाच होता कोण जाणे. नंतर मांडीवरचं ओझं गेलं.

संध्याकाळी भाऊ पुन्हा ताठायला लागला. सिस्टर लगबगीने आल्या, उशाखालची कुपी काढली आणि थबकल्या. कानाशी नेऊन हलवून बघितली. त्यांनी मला बाहेर ओढलं आणि कुपी दिव्याखाली धरली. काच कुठेही फुटलेली नव्हती. वरचं टोक शाबूत होतं. आत थेंब नव्हता.

पडद्यामागे भावाची खाट खडखडायला लागली. आणि त्या खडखडाटातही बाजूच्या खाटेवर कोणीतरी गाढ, संथ घोरत होतं.