पेनरची शेवटची मोटर

लावॉन पेनर थेल्डा उनरूच्या दारात आली तेव्हा तिच्या काखेत तिचा नवरा होता. कॉफीच्या डब्यात. ड्वेन पेनर हिवाळ्यात गेला. आपली राख रॉकेटच्या शेंड्यात घालून आभाळात सोडायची, असं तो बजावून गेला होता.

"त्याच्या रॉकेटची मोटर चोरीला गेली," लावॉन म्हणाली. "ती परत मिळाली नाही तरी चालेल. मला नाव हवंय."

थेल्डा पूर्वी अग्निशमन दलात आगींचा तपास करायची. आता स्वतःचा धंदा होता. सोबतीला दीर गेलन, जो गाडी उत्तम चालवायचा आणि विचार सावकाश करायचा. त्याने लावॉनला विचारलं, मोटरच ना, मग दुसरी घ्यायची.

लावॉनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हातातला डोनट खाली ठेवला.

ती मोटर एकदाच वापरायची होती. लाटण्याएवढी, आत फटाक्यासारखी ठासलेली दारू, एकदा पेटली की संपली. बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. ड्वेनने वर्षानुवर्षं जुन्या लोकांना फोन केले, मेलेल्यांची गॅरेजं उपसली, आणि शेवटी नेब्रास्कात एक सापडली. आज सकाळी ती रॉकेट क्लबच्या जत्रेत, लावॉनच्या ट्रेलरमध्ये होती. दुपारी नव्हती. सगळ्यांच्या गाड्या, तंबू, डबे तपासून झाले होते, आणि सकाळपासून फाटकाबाहेर तिच्याशिवाय कुणाचीही गाडी गेली नव्हती.

"मग मोटर तिथेच असणार," गेलन म्हणाला.

"किंवा नसणार," थेल्डा म्हणाली आणि तिने टोपी घेतली.

कॅन्ससच्या पश्चिमेला गायींच्या कुरणात क्लबची जत्रा भरली होती. वारा, धूळ, आणि मधूनच एखादं रॉकेट कानठळ्या बसवत वर जायचं. मग माना वर आणि टाळ्या.

पहिला संशयित रेक्स कोएन. तो जुन्या मोटरी विकायचा, स्वतः काही उडवायचा नाही. टेबलावर सीलबंद खोकी, हात धुतल्यासारखे स्वच्छ.

"मी ड्वेनकडे ती मागितली होती, लपवत नाही," तो म्हणाला. "पेटवायला नाही, कपाटात ठेवायला. असली मोटर पेटवणाऱ्याला मी वेड्यांच्या इस्पितळात घालीन."

दुसरा क्रेग टिबेट्स, शाळामास्तर. ड्वेन आपल्याला मोठी रॉकेटं उडवायला शिकवणार होता आणि आधीच मेला, असं तो रागानेच म्हणाला. त्याची बोटं ग्रीसने काळी होती आणि तो बादलीतल्या व्हिनेगरच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची नळी घासत होता. हल्ली मोटर म्हणून सगळे याच नळ्या वापरतात, त्याने सांगितलं. दर वेळी नवी दारू आणि रबरी कड्या ग्रीस लावून भरायच्या, आणि उडवून झालं की काजळी घट्ट बसायच्या आत धुवायच्या. अशा बादल्या जवळजवळ प्रत्येक तंबूपुढे होत्या.

ऑरिन फ्रीझनबद्दलही त्यानेच सांगितलं. ऑरिन आणि ड्वेन जिवलग होते. मग ऑरिनचं रॉकेट पॅराशूट न उघडता एका पाहुण्याच्या गाडीवर कोसळलं, आणि ड्वेनने भर सभेत उठून सगळा दोष त्याच्यावर टाकला. ऑरिनला क्लबबाहेर ठेवलं गेलं. परत आल्यावरही दोघं बोलले नाहीत.

ऑरिनच्या तंबूपुढे फक्त एक खुर्ची होती आणि तीत बसून तो सँडविच खात होता. त्याने अर्धं गेलनला दिलं. पांढऱ्या पावावर कसला डागही नव्हता.

"रॉकेटं उडायच्या आधी तपासतं कोण?" थेल्डाने विचारलं.

"आज मीच."

"आणि तुमचं?"

"ते कोण तपासणार? मला अक्कल आहे." तो हसला. "सकाळी मस्त गेलं. लावॉनने टाळ्या वाजवल्या."

"कुठल्या नळीवर?"

त्याने गाडीच्या टपावरची चकचकीत नळी काढून दिली. "हीच. माझ्याकडे एकच आहे."

गेलनला अशा वस्तू हातात आल्या की राहवत नाही. त्याने नळी पिपाणीसारखी तोंडाला लावली आणि लगेच थू थू करत काढली. ओठांना कोळिष्टक चिकटलं होतं. ऑरिन खो खो हसला.

थेल्डा हसली नाही. तिने लावॉनला बोलावून घेतलं. मागोमाग रेक्स आणि क्रेगही आले.

"एकच रस्ता, आणि त्यावरून कुणी गेलं नाही," थेल्डा म्हणाली. "सगळं उपसलं, मोटर नाही. मग या उघड्या माळावर ती जाणार कुठे? वर. चोराने ती उडवली. रेक्स असली मोटर मेला तरी पेटवणार नाही. क्रेग सकाळी उडवून आला, ते त्याच्या बोटांवर आणि बादलीत दिसतंय. ऑरिन, तुम्हीही उडवलंत. मग हात स्वच्छ कसे? तंबूपुढे बादली का नाही?"

"आधीच धुतले. नळीसुद्धा."

"नळी धुतली, आणि दुपारपर्यंत कोळ्याने आत संसार थाटला? जी नळी आज पेटली असं तुम्ही म्हणता, तिच्यातलं जाळं गेलनच्या तोंडात गेलं. आज तुमच्या रॉकेटमध्ये ही नळी नव्हतीच. एकदाच वापरायची मोटर होती. तिला ग्रीस लागत नाही, ती धुवावी लागत नाही. आणि उडण्याआधी रॉकेटच्या आत डोकावणारा एकच माणूस होता, तुम्ही."

ऑरिनने उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं.

"त्याने मला भर सभेत नागडं केलं," तो म्हणाला. "त्याची शेवटची हौस त्याच्याच बायकोच्या डोळ्यांदेखत जाळली. आणि तिने टाळ्या वाजवल्या. मला कसलाही पश्चात्ताप नाही."

क्रेग पुढे सरसावला. लावॉनने त्याला अडवलं. ती ऑरिनसमोर उभी राहिली आणि अगदी हळू बोलली.

"ती मोटर तुझ्यासाठी होती, ऑरिन. 'बटण ऑरिनने दाबायचं. चूक माझी होती म्हणून सांग त्याला,' असं म्हणून तो गेला. आज संध्याकाळी मी तुला बोलवायला येणार होते."

ऑरिनचा चेहरा उतरत गेला. मग त्याने ओंजळीत तोंड लपवलं. त्या म्हाताऱ्याचे खांदे गदगदताना पाहून रेक्सनेसुद्धा मान फिरवली. लावॉन मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

गाडीकडे परतताना गेलनने नाक पुसलं. "ड्वेन मोठ्या मनाचा होता म्हणायचा."

"ड्वेन?" लावॉन म्हणाली. "मरेपर्यंत त्याने ऑरिनचं नाव घेतलं नाही. एकदा चुकून मी घेतलं तर ताटावरून उठला."

थेल्डा थांबली. "म्हणजे ते सगळं..."

"आता ऑरिन रोज त्याचं नाव घेईल."

तिने कॉफीच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, गाडीत बसून डबा मांडीवर घेतला आणि गेलनला गाडी सुरू करायला सांगितलं.