गाण्यातला थांबा

टण्ण!

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपून घर कसं गपगार पडलं होतं. दादा तोंडावर वर्तमानपत्र पांघरून सोफ्यावर, वहिनी आतल्या खोलीत, आणि पहिलीतली भुंगी – चक्क गप्प! – फरशीवर चित्र रंगवत. त्या शांततेत कपाटाच्या बाजूने हा आवाज आला.

“काय फुटलं गं?” वहिनीने आतूनच विचारलं.

“काही नाही. गिटारची तार तुटली.”

“अगं बाई, हात न लावता?”

“हात लावला नाही म्हणूनच रुसली असेल,” भुंगीची आत्या म्हणाली आणि खुंटीवरची गिटार उतरवायला उठली. आधी तिच्यावरचा ओला टॉवेल काढावा लागला. हल्ली वहिनीने त्या गिटारचा असाच उपयोग शोधून काढला होता.

“मी म्हणत होते ना, नव्याचे नऊ दिवस!” वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागणारं होतं. “पोहायला गेलीस, तर पाणी गार. विणायला बसलीस, तर यांचा स्वेटर एका बाहीचा.”

“अजून आहे कपाटात,” वर्तमानपत्राखालून दादा म्हणाला. “अर्धी थंडी वाजली की घालतो.”

भुंगी खुदकन हसली. आत्यालाही हसू आलं, पण ते ओठांपाशीच विरलं. धरसोड करणारी, अर्धवट सोडणारी... घरात लाडाने म्हणायचे सगळे, पण रोज ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. लोकांसाठी खोटे दात घडवायची. मेणाचा एवढासा दात कोरताना तिचा हात केसभरही हलायचा नाही. पण तोच हात गिटारच्या मानेवर गेला की लाकडाचा व्हायचा! एकच साधी धून ती शिकत होती. सगळी यायची, मधली ती एक कॉर्ड सोडून. तिथे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं असतं. तिथे आली की ती थांबायची, एकेक बोट हाताने धरून जागेवर बसवायची, आणि मग पुढे. रोज संध्याकाळी तेच... आणि एका संध्याकाळी, त्या थांब्यानंतर धून कशीबशी संपवली, तर पायाखालच्या फरशीतून आवाज आला. ठक, ठक, ठक!

खालच्या मजल्यावरच्या माणसाने छताला काठी ठोकली होती.

तिचे कान लाल झाले. तिने गिटार कव्हरमध्ये घातली ती घातलीच. घरात म्हणाली, कंटाळा आला.

आज मात्र तिने ठरवलं, देऊनच टाकायची. लॅबमधल्या मैत्रिणीला हवी होती. तुटक्या तारेसकट गिटार खांद्याला लावून ती जिना उतरू लागली. आणि अर्ध्या जिन्यात तिचे पाय थबकले.

खालून कुणीतरी शीळ घालत वर येत होतं. तिचीच धून! तीच, तशीच... आणि त्या कॉर्डपाशी आल्यावर शीळ थांबली. एक पायरी. दोन पायऱ्या. मग पुन्हा सुरू.

इतकी थट्टा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वळणावर तो दिसला. खांद्यावर मोठी पिशवी, कोपरापर्यंत पीठ, एका भुवईवरही पीठ. कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाववाला, त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहणारा.

“आवडतं का हो तुम्हाला लोकांच्या चुका चघळायला?” ती म्हणाली.

“कोण... मी?” त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. “कसल्या चुका?”

“ते मध्येच थांबणं!”

“तिथे थांबायचं नसतं?” तो खरोखरच गोंधळला होता. “मला वाटलं, गाणंच तसं आहे. तिथे... श्वास घेतात. मला तर तीच जागा सगळ्यात आवडते.”

ती पाहतच राहिली. थट्टा करणारा माणूस इतका भाबडा चेहरा करूच शकत नाही. निदान भुवईवर पीठ असताना तरी नाही.

“मग छताला काठी का ठोकलीत?”

“काठी नव्हे, झाडूचा दांडा. वन्स मोअर म्हणून!” तो म्हणाला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचाच चेहरा पडला. “अरे देवा. तुम्ही त्यासाठी बंद केलंत?”

ती जिन्यातच मटकन बसली. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. आणि मग जे हसू फुटलं... गिटारही त्याबरोबर हलू लागली.

“मला पहाटे भट्टी पेटवायची असते,” तो पायऱ्यांवर जरा खाली बसत म्हणाला. “म्हणून संध्याकाळीच झोपतो. तुमच्या वाजवण्यावर डोळा लागायचा. बंद झालं तेव्हापासून छताकडे बघत पडतो. कुठे निघालात ही घेऊन?”

“देऊन टाकायला. माझं सगळं अर्धवटच राहतं. घरात विचारा.”

त्याने मान डोलावली, पण उपदेश केला नाही. म्हणाला, “माझ्याकडे पाव फुगवायच्या खमिराची बरणी आहे. तिला रोज थोडं पीठ लागतं. फडताळात ठेवली तेव्हा विसरलो, दोनदा मेली बिचारी. मग ओट्यावर ठेवायला लागलो. दिसली की चमचाभर पीठ आपोआप पडतं.”

“म्हणजे गिटारमध्ये पीठ घालू?”

“कव्हरमधून बाहेर काढा, एवढंच. आणि तासभर नको. माझा डोळा लागेपर्यंत वाजवा. फार दमलेला असतो मी... पटकन लागतो.”

नवी तार घालून गिटार परत आली, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, “मग माझे टॉवेल?”

गिटार आता कोपऱ्यात उघडीच उभी असायची, येता-जाता पायात येणारी. लॅबमधून दमून आली की ती स्वतःला सांगायची, आज नुसती मांडीवर घ्यायची, बस. पण मांडीवर घेतली की बोटं कुठली ऐकतात! काही दिवस अगदीच वाईट जायचे, बोटांची टोकं हुळहुळायची. काही दिवस ती फक्त त्या एका कॉर्डशी भांडायची. पण खाली कुणीतरी उशीवर डोकं टेकून वाट बघतंय, हे माहीत असलं की उठून जाववत नाही... खालून ‘ठक’ आलं की ‘ऐकलं’. ‘ठक ठक’ म्हणजे ‘पुन्हा’. आणि काहीच आलं नाही की समजायचं, झोपला.

सकाळी दाराच्या कडीला गरम पावाची पिशवी अडकवलेली असायची.

“पावदादा आला होता!” भुंगी ओरडायची.

“दादा नाही, काका म्हण,” वहिनी पावावर लोणी लावता लावता म्हणायची. “आत्ताच सवय लाव. पुढे बदलायला नको.”

“वहिनी!”

“मी काय म्हटलं? वयाने मोठा आहे म्हटलं.”

आणि एका संध्याकाळी ते झालं. खिडकीतून मावळतीचं ऊन आत आलं होतं, भुंगी शेजारी बसून पाय हलवत होती. ती वाजवत गेली, ती जागा आली, पहिलं बोट आडवं पडलं... आणि सहाही तारा एकदम बोलल्या! स्वच्छ, भरल्या आवाजात. ती थांबली नाही. धून पाण्यासारखी पुढे वाहून गेली, थेट शेवटापर्यंत.

“आत्या! आली!” भुंगीने टाळ्या पिटल्या.

ती खालच्या आवाजाची वाट बघू लागली. एक ठक तरी. काहीच नाही. झोपला? आजच्याच दिवशी? ज्याला ऐकवायचं, त्यानेच...

दारावरची बेल वाजली. वहिनीने दार उघडलं. तो उभा होता, केस विस्कटलेले, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरीच.

“आज थांबला नाहीत तुम्ही,” तो धापा टाकत तिला म्हणाला.

“कॉर्ड आली मला! आनंद नाही झाला?”

“झाला ना. पण माझी पंचाईत झाली.” त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. “त्या थांब्यात मी रोज मनातल्या मनात एक वाक्य म्हणायचो. तेवढीच जागा होती मला. आज वाक्य तोंडाशी आलं... आणि तू पुढे निघून गेलीस.”

‘तू.’ दोघांनीही ते ऐकलं.

“कुठलं वाक्य?” तिने तारांकडे बघत विचारलं.

“की... ही माझ्यासाठी वाजवते, असं समजून मी जगतोय. खोटं असेल तर सांग, मी गुपचूप खाली जाऊन झाडू कोपऱ्यात ठेवून देतो.”

ती हळूच म्हणाली, “माझं सगळं अर्धवट राहतं रे. स्वेटरसुद्धा एका बाहीचा आहे.”

“मला चालेल. भट्टीकडचा हात तसाही गरमच असतो.”

आतून दादाचं हसू फुटलेलं ऐकू आलं, आणि वहिनीचं “शूः!”

तिला रडू येईलसं वाटलं, पण आला तो सुटकेचा एक लांब, लांब श्वास. “खोटं नाहीये,” ती म्हणाली. “बस. पुन्हा वाजवते. या वेळी छताविना ऐक.”

तो दाराशीच जमिनीवर बसला. तिने धून सुरू केली. बोटं आता सगळं जाणत होती. ती जागा जवळ आली, तिने मान वर करून पाहिलं. तो डोळे मिटून, ओठ किंचित उघडून बसला होता. आणि तिचा हात तारांवर अलगद तसाच राहिला.

घरात पुन्हा शांतता पसरली. या वेळी ती मोडायची कुणालाच घाई नव्हती. भुंगीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि आत्याचा पदर ओढत विचारलं,

“आत्या, आता तर तुला येतं ना? मग का थांबलीस?”