सोनाळ्याची दोनशे नावं

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बुलढाण्याच्या सरकारी कचेरीतल्या संगणक खोलीच्या दारात एक उंच तरुण हातात पितळी डबा घेऊन उभा राहिला, तेव्हा आत यंत्रावर बसलेल्या शरयूला वाटलं, कुणाचं तरी जेवण घेऊन हा चुकून इकडे आला. त्यानं झाकण उघडलं. आत धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी!

"येष्टीत लय धूळ असते," तो लाजून म्हणाला. नाव वैजनाथ. नांदुऱ्याच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांची यादी घेऊन आला होता.

शरयूचा जीव टांगणीला लागलेला. सोनाळा, देऊळघाट, नांदुरा – तिन्ही गावांच्या फाईली एक करून पाचच्या आत साहेबांना द्यायच्या, नाहीतर तात्पुरती नोकरी गेली.

वैजनाथ शेजारी बसला. साबणाचा मंद वास आला... अन् शरयूची बोटं उगाच घाईत चालली. तिनं 'कॅट' ही फाईली जोडायची आज्ञा लिहिली, तिन्ही फाईलींची नावं लिहिली, बाणाची खूण केली, अन् बाणापुढे, म्हणजे जोडलेलं जिथं साठवायचं तिथं, पुन्हा सोनाळाच. तीन पोती एक करायची तर दोन पहिल्यातच ओतायची, ही घरची रीत.

कळ दाबली. देऊळघाट आलं, नांदुरा आलं. सोनाळ्याचं एकही नाव नाही.

"काऊन गेली नावं?" ती पडद्यावर बोट फिरवत म्हणाली.

"बाण आधी पोतं रिकामं करते, मंग ओतते. नवं पोतं घ्यावं लागते."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"मी पडद्याकडे पाहूनच नव्हतो राह्यलो..."

तो कुठं पाहत होता, हे तिनं विचारलं नाही. कान मात्र तापले.

सोनाळ्याची कागदी यादी कपाटात होती. दोनशे नावं. तो वाचू लागला, ती टंकू लागली. कडूबा, शेषराव, जानराव... चारची नांदुऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, अन् पुढचं नाव वाचलं.

यावेळी तिनं बाणापुढे नव्या फाईलीचं नाव दिलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना छापील यादी साहेबांच्या हातात होती. साहेब मान हलवून निघून गेले. नोकरी राहिली!

"आता साडेसहाची गाडी," वैजनाथ म्हणाला. उठला मात्र नाही. मग खाली बघत हळूच बोलला, की आज गाडी चुकली त्याचं त्याला जराही वाईट वाटलं नव्हतं.

शरयूनं यंत्रावर कापड झाकलं. पुन्हा नीट केलं. पुन्हा एकदा.

"सोमवारी या," ती म्हणाली. "फाईल नसली तरी चालते."