गोधडीतला हात

नाताळ दोन दिवसांवर आला होता आणि श्रीरामपूरच्या साळव्यांच्या स्वयंपाकघरात करंज्यांचा दुसरा घाणा कढईत पडला होता. डॉर्कस पाटाशी बसून करंज्या भरत होती. तिची धाकटी जाऊ सलोमी झारा घेऊन गॅसपाशी उभी होती. आणि मागच्या खोलीत सलोमीची दीड वर्षाची हन्ना कुशीवर झोपली होती. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटत होतं.

थोपटत होती ती गोधडी. दिसायला अगदी साधी: सलोमीच्या आईच्या दोन सुती साड्या, सलोमीच्याच नवऱ्याचा, म्हणजे एलियाचा, विटलेला निळा शर्ट, कडेला जाड दोऱ्याचे धावदोरे. कपडे घरचेच द्यायचे, कंपनी त्यांची गोधडी शिवून देई. फक्त मधल्या थरात ते लोक स्नायुधागे घालत. वीज मिळाली की आकसणारे, वीज थांबली की सैल पडणारे धागे. अंगातले स्नायू करतात तेच, पण कापडात. कोपऱ्यात सुपारीच्या डबीएवढी एक डबी शिवलेली असे. धाग्यांना कधी आकसायचं आणि किती, हे ती सांगे, आणि बाळाचा श्वासही तीच ऐके.

कोकणच्या किनाऱ्यापासून खूप आत, भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या होत्या. सलोमी तिथल्या तळावर इंजिनिअर होती. दोन महिने तिकडे, मग पंधरा दिवस घरी. पहिल्यांदा जाण्याआधी तिने एक पातळ मोजा हातात घालून हन्नाला रोज झोपवलं होतं. हात किती जड पडतो, किती सावकाश उचलतो, कुठे थांबतो, ते सगळं मोज्याने टिपलं आणि गोधडीला शिकवलं. गोधडी आणून देणारा माणूस म्हणाला होता, "बाळ ज्या हाताने शांत होतं, तो हात ही जपते, ताई. तुम्ही निर्धास्त जा." सलोमी निर्धास्त नाही, पण गेली होती. आपण समुद्रात असलो तरी आपला एक हात घरी आहे, एवढा आधार धरून ती गेलं वर्षभर जात-येत होती.

काल संध्याकाळी ती आली, तेव्हा हन्ना डॉर्कसच्या कडेवर होती. सलोमीने हात पुढे केले. हन्नाने तिच्याकडे नीट पाहिलं, एक बोट तिच्या गालावर ठेवलं आणि डावीकडे सरकवलं. फोनवरचं नको असलेलं चित्र सरकवतात, तसं. सगळे हसले. सलोमीही हसली. मग हन्नाने डॉर्कसच्या मानेत तोंड लपवलं.

झोपायलाही ती आईच्या मांडीवर तयार नव्हती. गोधडीत मात्र लगेच शांत झाली. सलोमीने स्वतःची समजूत घातली, की असू दे, गोधडीत हात माझाच आहे. तरी हेवा वाटायचा तो वाटलाच. स्वतःच्याच हाताचा कुणाला हेवा वाटला असेल का, या विचाराने तिला जरा लाजही वाटली.

"एवढी काय बघतेस त्या खोलीकडे?" डॉर्कस म्हणाली. "उठली तर ओरडेल की. गळा तुझ्यावरच गेलाय तिचा."

"जरा बघून येते, ताई."

हन्ना गाढ झोपेत होती. सलोमीने आपला तळवा अलगद गोधडी आणि तिची पाठ यांच्यामध्ये सरकवला. आपला हात बाळाला कसा लागत असेल, हे तिला एकदा बघायचं होतं.

तिचं थोपटणं जड असायचं. एक थाप, मग श्वास घ्यायला जागा, मग दुसरी. इथे तिच्या तळव्याच्या मागच्या बाजूवर तीन हलक्या थापा पडल्या, भरभर, आणि चौथ्या वेळी काहीतरी खांद्याकडून कमरेकडे हळूच ओढल्यासारखं झालं. पुन्हा तीन. पुन्हा ती ओढ.

हा हात तिचा नव्हता.

ती स्वयंपाकघरात परतली आणि झारा उचलला. डॉर्कस करंजीला मुरड घालत होती. साळव्यांकडे कातणं वापरत नसत, करंजी बोटांनीच मुरडायची. फराळाची ताटं शेजारी गेली की बायका मुरड बघून ओळखत, ही डॉर्कसची, ही तिच्या सासूची. डॉर्कसची बोटं कडेवरून चालली होती: तीन चिमट्या, भरभर, आणि मग अंगठ्याने एक ओढ. तीन चिमट्या. एक ओढ.

"अगं, करपली!" डॉर्कस ओरडली. "लक्ष कुठंय? तिकडे समुद्रात नुसता वारा खाऊन राहता वाटतं तुम्ही!"

सलोमीने काळी पडलेली करंजी काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणी म्हणणारी मंडळी आली. दारात कागदी तारा लागला होता. ढोलकी सुरू झाली तशी हन्ना डॉर्कसच्या कडेवर नाचायला लागली. पाळकसाहेब नवीनच बदलून आलेले. त्यांनी हन्नाच्या गालाला हात लावला आणि डॉर्कसला म्हणाले, "लेक आईला सोडत नाही अजिबात!"

"मी नाही, पाळकसाहेब. आई ही," डॉर्कसने सलोमीकडे बोट केलं.

"अरे! सलाम, सलाम. माफ करा हं."

सलोमीने हसून सलाम केला. पण डॉर्कस बोलायच्या आधी क्षणभर थांबली होती, ते तिने पाहिलं होतं. तेवढा क्षण डॉर्कसने स्वतःकडे ठेवून घेतला होता.

नाताळच्या सकाळी सगळे उपासनेला निघाले. नवी साडी, गजरा, हन्नाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. "पुढे व्हा, माझी पिन राहिली," असं सांगून सलोमी मागे थांबली. मागच्या खोलीत जाऊन तिने गोधडीच्या कोपऱ्यातली डबी दाबून धरली.

"आठवणीतला हात पुसू का?" डबीने हळू आवाजात विचारलं. बाळ झोपलेलं असेल हे धरूनच तिचा आवाज तसा ठेवलेला होता.

"पूस. माझा आधीचा ठेव."

"तुमचा हात वेगळा ठेवलेला नाही. पुढचं सगळं त्याच्यावरच चढत गेलं आहे. पुसलं तर दोन्ही जाईल. पुसू का?"

बाहेरून एलियाची हाक आली. हन्नाचं हसणंही आलं, आणि डॉर्कसचं, "चला चला, माझी बाय ती!" हे त्या हसण्यात मिसळलेलं.

"पूस," सलोमी म्हणाली.

उपासनेत ती गाण्याची ओळ दोनदा चुकली. शेजारी हन्ना डॉर्कसच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती. घरी एक गोधडी पडलेली होती आणि तिला आता काहीच येत नव्हतं.

दुपारी घर भरलं. नणंदा, त्यांची मुलं, सासऱ्यांचे भाऊ. मटणाचा वास, केकचे डबे, अंगणात सतरंजी. जेवणं आटोपेपर्यंत हन्ना डोळे चोळायला लागली. सलोमी तिला घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

तिने हन्नाला गोधडीत गुंडाळलं. गोधडी नुसती पडून राहिली. हन्नाने वाट पाहिली. मग पाठ हलवून तिने गोधडीला जणू आठवण करून दिली. आणि मग ती रडायला लागली.

सलोमी थोपटू लागली. जड, सावकाश, मध्ये श्वासाची जागा ठेवून. याच हाताने ही महिनाभराची असताना झोपायची. हन्ना कमान करून मागे गेली, लाथा झाडू लागली. रडणं वाढत वाढत असं झालं, की अंगणातलं बोलणं थांबलं.

दार ढकलून एलिया आत आला. "काय झालं? गोधडी बंद पडली का?"

"मी पुसली."

"काय पुसलं?"

"तिच्यातला हात."

एलियाला पटकन कळलं नाही. मग कळलं. तो खाली बसला. "सलो, सहा तारखेला तू परत चाललीस. मग हिला झोपवायचं कसं?"

"तुम्ही सगळे आहात ना. मीच काय ती नाही."

दारात डॉर्कस उभी होती. हात ओले, पदर खोचलेला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"माझा हात पुसलास?" ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हांला माहीत होतं, ताई."

"एलिया, तू बाहेर जा. पाहुण्यांना केक दे," डॉर्कस म्हणाली, आणि तो गेल्यावर आत येऊन भिंतीला टेकली. "चोरून मोजा नव्हता गं घातला मी. दाढा येत होत्या तिच्या, अंग तापलेलं. गोधडी तुझ्या हाताने थोपटतेय आणि पोरगी किंचाळतेय. मी वरून माझा हात ठेवला. तशी झोपली, आणि गोधडी माझा हात शिकली. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता." ती थांबली. "तरी ठेवला."

"का?"

"का म्हणजे? दिवसभर न्हाऊ मी घालायचं, घास मी भरवायचे, पडली की फुंकर मी घालायची. आणि डोळे मिटताना हिला तुझा हात. तू तिकडे समुद्रात, तरी माझ्या मांडीवर येऊन तूच बसलेली! मी काय नुसता पाट आहे का?"

हन्ना एवढी रडत नसती तर सलोमीला हसू आलं असतं. ती जिचा हेवा करत होती, ती बाई वर्षभर तिचाच हेवा करत होती. दोघींच्या मधे एक गोधडी, आणि ती बिचारी बाळ शांत होईल तेवढं शिकत गेलेली.

"मला वाटलं, तुमचा गेला तरी चालेल," सलोमी म्हणाली. "माझाही गेला. घ्या हिला. तुमच्याकडेच झोपेल."

डॉर्कसचे हात पुढे आले. अर्ध्यावर थांबले. मग तिने ते पदराला पुसले आणि पदरातच गुंडाळून ठेवले.

"नाही. मी नाही घेणार. आज तू झोपव."

"माझ्या हाताने नाही झोपत ती!"

 डॉर्कसने हात पदरातून बाहेर काढले नाहीत.

सलोमीने डोळे पुसले. हन्नाच्या पाठीवर, गोधडीवरून, हात ठेवला. आणि करंजीची कड आठवली. तीन, भरभर. मग एक ओढ. जमलं नाही, थापा जड पडल्या, हन्ना आणखी चिडली.

"हलका," डॉर्कस पुटपुटली. "भरलेली करंजी समज. सारण बाहेर येईल."

तीन. ओढ. तीन. ओढ. हा हात वापरताना सलोमीला दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटत होतं. पण हन्नाचं रडणं मोडलं. हुंदके लांबले. तिने मान वळवून वर पाहिलं, हे कोण आहे ते नीट बघायला. तिचं बोट वर आलं आणि सलोमीच्या गालावर टेकलं. सलोमीने श्वास धरला. बोट तसंच राहिलं, मग सैल पडलं. सरकवायच्या आधीच झोप लागली, की सरकवायचंच नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

सलोमी थोपटत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ओढ संपली की ती न कळत थांबतेय. एका श्वासापुरती. ती जागा डॉर्कसच्या हातात नव्हती. ती तिची होती.

अंगणात ढोलकी वाजायला लागली. गोधडीच्या कोपऱ्यातल्या डबीत हिरवा ठिपका उजळला.

"बाळ झोपलं," डबी तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. "नवा हात शिकले आहे. जपून ठेवू का?"

"हो," सलोमी म्हणाली.

"कुणाचा म्हणून नोंदवू?"

 सलोमीने आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग डॉर्कसकडे. डॉर्कस खाली बघत होती, जमिनीवर काही सांडलंय आणि ते तिला निवडायचंय अशी; पण ती गेली नव्हती. पदरातल्या पदरात तिचे हात हलत होते.

"डॉर्कस! सलोमी!" बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली. "अगं, आई कुठाय पोरीची? फोटो काढायचाय!"

दोघींपैकी कुणीही ओ दिली नाही.

आणि गोधडीने, तिला कसलीच घाई नसल्यासारखं, पुन्हा विचारलं, "हा हात कुणाचा?"