गुरुवारची बेल

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर तिच्यात मी स्वतः जरा बरी वागले असते.

पुण्यात घडली. बिबवेवाडीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, याच वर्षी. तारीख सव्वीस फेब्रुवारी, वार गुरुवार. मध्यरात्र नव्हती, अमावास्या नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते... आणि घरात वीज नव्हती.

वीज नव्हती, हे लक्षात ठेवा.

आधी एक कबुली देते. मी बावन्न वर्षांची आहे, घरी साड्यांना फॉल लावून देते, आणि कॉम्प्युटरवर गेम खेळते. पत्ते-बित्ते नव्हेत. शाप, तलवारी, राजवाडे असलेले, पन्नास-पन्नास तास चालणाऱ्या गोष्टींचे गेम. लेक अक्षता शिकायला जर्मनीला गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावरची धूळ पुसता पुसता मी शिकले. पहिला महिनाभर माझा सरदार नुसता भिंतींवर आपटत होता. शिकवायला कुणी नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

घरात कुणाला पत्ता नव्हता. सासूबाईंना वाटायचं मी साड्यांची डिझाइनं बघते. ह्यांना काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

पकडलं ते भाग्यश्रीने.

ती खालच्या मजल्यावर राहायची. मूळची यवतमाळची. नवरा गेल्यावर मुलाबरोबर, दत्तप्रसादबरोबर, पुण्याला आली होती. एकदा फॉलसाठी साडी घेऊन आली आणि तिला स्क्रीन दिसली.

"बाप्पा! हे काय खेळून रायल्या, ताई?"

"काही नाही, अक्षताचं राहिलंय ते..."

"ते मागून लांडगा येऊन रायला ना! सरका तुम्ही."

तिने माउस हातात घेतला. साडी तशीच राहिली. त्या दिवसापासून दुपारी तीन ते पाच आम्ही दोघी गुपचूप.

मग त्या व्हॅम्पायरच्या गेमची जाहिरात आली.

तुम्ही ऐकलंच असेल, रक्त पिणारं भूत. या गेममध्ये तशी एक बाई असते आणि ती आपण असतो. डोंगरातलं गाव, बर्फ, बंद दारं. तिला कुठल्याच घरात आपल्या पायाने शिरता येत नाही. आतल्या माणसाने "ये" म्हणावं लागतं. म्हणून प्रत्येक दाराशी थांबायचं. आतलं माणूस काय बोलतं, त्यावर पुढची गोष्ट ठरणार.

आम्ही वेड्या झालो. एक वर्ष आठ महिने वाट पाहिली. कंपनीने तारीख दोनदा पुढे ढकलली. घरच्यांना कळू नये म्हणून आम्ही गेमला 'लोणचं' म्हणायचो. व्हॉट्सॲपवर तिचा सकाळी सकाळी मेसेज यायचा, "काय म्हणते लोणचं?" मी लिहायची, "मुरतंय."

दिवाळीत पहिला अर्धा तास फुकट खेळायला मिळाला. मी दारं ठोकत सुटले, बटणं दाबत राहिले. भाग्यश्री मात्र प्रत्येक दाराशी शांत थांबायची. आणि तिला दारं उघडायची!

"तुला कसं गं जमतं?"

"दाराशी थांबाचं कसं, ते मले नोको शिकवू, ताई," ती हसून म्हणाली. "दोन वर्षं झाले, तेच करून रायली ना मी."

मीही हसले.

मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, माझ्याकडे हळदीकुंकू होतं. सतरा-अठरा बायका. जाऊबाई, नणंदा, सोसायटीतल्या. सासूबाई आतल्या खोलीत. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाच्या दिवशी स्वतःहूनच आत जाऊन बसतात आणि दार लोटून घेतात. मी कधी "बसा" म्हटलं नाही. "बाहेर या" असंही म्हटलं नाही.

बेल वाजली. मी कोयरी हातात घेऊनच दार उघडलं.

भाग्यश्री.

एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. चेहरा असा उजळलेला, जणू दहावीचा निकाल लागलाय.

"ताई! लोणचं उतरलं! तारीख आली! सव्वीस फेब..."

तिने माझ्या हातातली कोयरी पाहिली. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. भरजरी साड्या, अत्तरदाणी, वाणाची ताटं.

मी काय केलं सांगते. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी एक पाऊल बाहेर टाकलं आणि मागे हात करून दार ओढून घेतलं. हळूच. जाऊबाईंना ती दिसू नये म्हणून. आणि म्हटलं, "मी येते नंतर खाली."

एवढंच.

विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावा, अशा लांबलचक पोस्ट मी स्वतः चार ग्रुपवर पुढे पाठवलेल्या आहेत. हात जोडलेले इमोजी टाकून.

"हाव, हाव," ती म्हणाली. "तेवढंच सांगाचं होतं."

मी आत आले. दार लावलं. आणि का कोण जाणे, दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं.

ती तिथेच उभी होती. डबा घेऊन. अगदी शांत. गेममध्ये थांबायची तशी.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "लोणचं खायला बोलावशील ना?"

मी वाचला. निळ्या खुणा तिला दिसल्याच असतील. उत्तर काय द्यायचं ते सुचेना, म्हणून दिलं नाही. सोमवारी खाली गेले नाही. मंगळवारीही नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी कपाटं आवरायला काढते.

बुधवारी पहाटे भाग्यश्री गेली. झोपेतच. हृदय बंद पडलं म्हणाले.

दत्तप्रसाद पुढच्या आठवड्यात वर आला. स्टीलचा तोच डबा माझ्या हातात दिला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, सौ. भाग्यश्री. नवऱ्याच्या हयातीतला डबा.

"काकू, आईने तुमच्यासाठी तिळाचे लाडू केले होते. द्यायचे राहून गेले बहुतेक."

"हो. राहून गेले," मी म्हणाले.

आता पुढचं.

आमच्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार. सकाळी दहाला वीज जाते, पाचच्या आसपास येते. इन्व्हर्टर नाही. म्हणजे गुरुवारी आमची बेल वाजूच शकत नाही. येणारा कडी वाजवतो.

एकोणतीस जानेवारी. गुरुवार. मी हॉलमध्ये फॉल लावत बसले होते. पंखा बंद. फ्रिज बंद. घरात नेहमी काहीतरी घुंघुं करत असतं ना, ते सगळं बंद.

आणि...

बेल वाजली.

आमची बेल चिमणीसारखी आहे. चिवचिव. एकदाच.

दार उघडलं. जिना रिकामा.

घड्याळात साडेचार.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. मी दारापाशी जाऊन आधी भिंगाला डोळा लावला. बाहेर लख्ख उजेड असायला हवा होता, जिन्याला मोठी खिडकी आहे... भिंगात काळं. नुसतं काळं. कुणीतरी अगदी दाराला चिकटून उभं असावं तसं.

आणि फटीतून वास आला.

तीळ भाजल्याचा.

फेब्रुवारीत कोण तीळ भाजतं?

मी दार उघडलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी चार वाजल्यापासून मी पायाने शिलाई मशीन चालवत बसले. जोरजोरात, बेल ऐकू येऊ नये म्हणून. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, सुईत दोराच नव्हता.

बेल तरीही ऐकू आली.

चौथ्या गुरुवारी मी मुद्दाम भाजीला गेले. परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "कुणीतरी येऊन गेलं बघ. मला गुडघ्यांमुळे पटकन उठता आलं नाही."

"कोण होतं?"

"मला काय विचारतेस? मैत्रीण तुझी."



मग सव्वीस तारीख आली. ज्या दिवसाची आम्ही एक वर्ष आठ महिने वाट पाहिली, तो दिवस. तो नेमका गुरुवारी यावा! गेम मी आधीच उतरवून ठेवला होता. साडेचारला तो जगभर एकदम सुरू होणार होता. आणि माझ्यापुढे काळी स्क्रीन. तिच्यात माझाच चेहरा दिसत होता.

शेजारी मी दुसरी खुर्ची ठेवली होती. का, ते विचारू नका.

ठरवलं होतं, आज बोलायचं. दोन शब्दच तर आहेत. "आत ये." एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती मला खाणार थोडीच होती? भाग्यश्री होती ती.

चार एकोणतीस.

चार तीस.

चिवचिव...

मी उठले. दार उघडलं, पूर्ण, दोन्ही हातांनी. जिना रिकामा. उंबऱ्यापुढची सकाळची रांगोळी जशीच्या तशी. पण तिळाचा वास असा आला, की माझे डोळे भरून आले.

समोर कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण आपल्यासमोर कुणी आशेने उभं असलं की कळतं.

मी तोंड उघडलं.

आणि मला एकदम त्या गेममधलं आठवलं. एकदा "ये" म्हटलं, की ते परत घेता येत नाही. ती कायमची आत येते.

माझा हात आपोआप दाराकडे गेला. आणि माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात...

"मी येते नंतर खाली."

तेच वाक्य. तस्संच.

दुसऱ्यांदा.

मी दार ओढून घेतच होते, तेवढ्यात मागून, आतल्या खोलीतून, सासूबाईंचा आवाज आला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा एवढा खणखणीत आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अगं, किती वेळा तिला दारातून परत पाठवशील? त्या दिवशीही मी आतून सगळं ऐकलं होतं. ये गं पोरी, ये आत. आपण दोघी इथे आत बसू."

माझ्या दंडाला गार काहीतरी घासून गेलं.

रांगोळी पुसली गेली नाही. पावलांचा आवाज आला नाही. फक्त आतल्या खोलीचं दार... हळूच लोटलं गेलं.

पाच वाजता वीज आली. कॉम्प्युटर सुरू झाला. मी तो बंद केला. गेम अजून उघडलेला नाही.

त्यानंतर आमची बेल गुरुवारी कधी वाजली नाही.

पण दर गुरुवारी साडेचारला सासूबाई आतून कडी लावून घेतात. कुजबुज ऐकू येते. कधी हसणं. एकीचा आवाज सासूबाईंचा असतो. दुसरा नीट कळत नाही. मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वय झालंय तिचं, बोलते एकटीच." असेलही. मात्र तो लाडवांचा डबा मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवला होता, तो आता सासूबाईंच्या उशाशी असतो. तो मी नेलेला नाही. आणि त्यांचा हात तिथवर पोचत नाही.

काल गुरुवार होता. मी धीर करून तीन कप चहा केला. ट्रे घेऊन त्या दाराशी गेले. टकटक केली.

आतली कुजबुज थांबली.

"सासूबाई, मी आहे. येऊ का आत?"

मग सासूबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात...

"तू नंतर ये."

ट्रे हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. चहावर साय धरली. आत पुन्हा बोलणं सुरू झालं.

मी दाराला हात लावला नाही. बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं, एवढं मला आता कळतं.