स्पेन्स्लींचा शेवटचा ऑर्गन

वाचनालयात त्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रांचा एकच खंड दोघांनी मागितला.

"मी आधी सांगून ठेवलं होतं," इसोबेल म्हणाली.

"मग पानं तुम्हीच उलटा... मी नुसता डोकावतो," तो म्हणाला आणि पावसाने भिजलेला कोट सावरत शेजारी बसला. तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही.

इसोबेल क्रॅबट्री कधीपासून यॉर्कशरच्या स्पेन्स्ली घराण्याचा माग काढत होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बाप आणि दोन मुली मिळून चर्चसाठी ऑर्गन बांधत. त्यांच्या जाहिराती, लग्नं, मृत्यू... तिने सगळं वाचून काढलं होतं. ऐकायला मात्र एकही वाद्य उरलं नव्हतं. काही जळाली, काही भंगारात गेली.

तो रूबेन मिजली, डोंगरावरच्या गावातला शिक्षक. गावचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, विकायला निघालं होतं. ते कधी बांधलं, एवढंच त्याला हवं होतं.

एका पानावर तिचं बोट थबकलं. बाप गेल्यावर थोरल्या अ‍ॅनने अर्धवट ऑर्गन पुरा केला, धाकटीने तो वाजवला, माणसं दारापर्यंत दाटली होती... खाली गावाचं नाव.

रूबेनचा आवाज एकदम खाली आला. "हा आमच्या चॅपलमध्ये आहे. चादरीखाली."

"वाजतो?"

"कुणी वाजवूनच पाहिला नाही."

त्याच दुपारी ती बसने त्याच्याबरोबर वर गेली. चॅपलमध्ये ती ऑर्गनच्या पट्ट्यांसमोर बसली; रूबेनने ऑर्गनच्या मागे जाऊन वारा भरणाऱ्या भात्याचा दांडा धरला. भाता धापा टाकत खोकला — आणि तिच्या बोटांखालून सूर उठला. मऊ, अफाट. बाकं थरथरली. इसोबेलचे डोळे कधी भरले, तिलाच कळलं नाही.

दारात माणसं जमली. विक्रीचं ठरवणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस ऑल्डरसन बराच वेळ भिजत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आपण झाकून ठेवलं होतं होय? आता विकायचं नाव काढू नका."

सगळे पांगले.

"हात भरून आले असतील तुमचे," इसोबेल म्हणाली.

"आले ना." मागे भात्याचा दांडा पुन्हा करकरला. "पण तू वाजवणार असशील, तर... जन्मभर वारा घालीन."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"मग थांबू नकोस," ती म्हणाली आणि बोटं पट्ट्यांवर टेकवली.