ओळ देणारा आर्विल

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. बसला, तर अर्धी मिशी उतरवून देतो, इथंच, या दुकानात. पण त्या ऑक्टोबरात सोरेल ओढ्यावर असा पाऊस लागला होता, की मासे झुलत्या पुलावरून पलीकडे जायचे आणि माणसं अंग चोरून त्यांना वाट द्यायची.

त्याच पुलाच्या मधोमध डेलफा कॉम्ब्स अडकली. काखेत पिठाचं पोतं, पोत्यात गिटार. बाप ओढ्याकाठच्या चर्चचा उपदेशक. चर्चात पेटी नाही, तार नाही. आणि घरात वाद्य सापडलं तर चुलीत जाणार, हे तेवीस वर्षांच्या डेलफाला पक्कं ठाऊक. म्हणून पीठ.

समोरून एक माणूस आला. कोळशाच्या खाणीतून थेट. हातात जेवणाचा डबा, तोंड इतकं काळं की नुसते डोळे चालत आल्यासारखे. आणि पूल एका माणसापुरता.

"मागे व्हा," डेलफा म्हणाली.

"तुम्ही व्हा. मी दहा तास वाकून आलोय. आता सरळ जायचा माझा हक्क आहे."

"बाईमाणसाला वाट द्यायची रीत नाही वाटतं तुमच्या खाणीत?"

"आमच्या खाणीत बाईमाणूस येत नाही. आलंच तर देऊ की." त्यानं पोत्याकडे पाहिलं. "पीठ भलतंच कडक दळलंय. मान फुटलीय त्याला."

डेलफाचे कान तापले. "बाबांना... सांगाल?"

"सांगणारच. एक गाणं म्हटलंत तर मात्र विसरेन."

तो आवाज! त्या काळ्या चेहऱ्यामागून तो ओळखीचा आवाज आला, आणि तिचा हात दोरावर घट्ट झाला. "तुम्ही... आर्विल? ओळ देणारे?"

कारण त्या चर्चात गायची रीत अशी. पुस्तक नाही, एकानं उभं राहून ओळ द्यायची, भरभर, एका दमात. मग सगळ्यांनी ती उचलायची आणि लांबवायची, लांबवायची, डोंगराच्या कडेनं धुकं सरकतं तशी. ओळ मिळाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. त्या सालच्या उन्हाळ्यापासून ओळ आर्विल द्यायचा, आणि डेलफा दर रविवारी डोळे मिटून ती घ्यायची. डोळे मिटायचे कारण... जाऊ द्या, तरुण पोरी ऐकताहेत, त्यांना कळलं.

त्यानं पुलावरच ओळ दिली. तिनं घेतली. आणि पाऊस थांबला. म्हणजे ढग सरले असं नव्हे. थेंब आहेत तिथेच, हवेत. मी बोट लावून पाहिलंय.

मग आर्विल खोकला. रुमाल तोंडाला लावला, काढला, पटकन घडी घालून खिशात टाकला. पण डेलफानं पाहिलं होतं. तोंडावरची काजळी धुतली जाते. रुमालावरची आतली होती, छातीतली. पंधराव्या वर्षी खाणीत उतरलेला, आता एकतीस. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला होता, तरी त्यात काहीच उजळलं नव्हतं.

"थंडी बाधलीय," तो म्हणाला.

"खोटं तरी नीट बोला," ती म्हणाली. आणि मागे सरली तीच. वाट तिनं दिली.

पुढं काय सांगावं! हिवाळाभर ते पीठ बरंच फिरलं. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत डेलफा आपली गाणी गायली, तिथं नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस होता. रॉस्को पेटिट त्याचं नाव. पोट असं, की माणूस दारात आणि पोट आधीच खुर्चीत. म्हणाला, दहा गाणी दे, तुझ्या नावाची आख्खी रेकॉर्ड काढतो. बाप दोन दिवस चर्चात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं तिची कपड्यांची ट्रंक बसथांब्यावर नेऊन ठेवली.

स्टुडिओत मात्र पंचाईत झाली. लाल दिवा लागला, वाजवणाऱ्यांनी सुरुवात केली, डेलफाची जागा आली... आणि गेली. ती गप्प.

"गा ना, बाई!" काचेमागून पेटिट.

"ओळ कुठं दिली कुणी?"

सगळे हसले. पुन्हा वाजवलं, पुन्हा गप्प. गाणी तिचीच, शब्द तोंडपाठ. पण आयुष्यभर कुणीतरी दिल्याशिवाय जिनं ओळ उचलली नाही, तिचा गळा आपणहून उघडेना. घरी गिटारवर गुणगुणणं वेगळं, जत्रेत तर ओळ द्यायला आर्विल मंचामागे उभा होता. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पेटिट म्हणाला, उद्या नाही जमलं तर परवाची बस.

तिनं सोरेलच्या दुकानावर फोन केला. "आर्विलला म्हणावं, ओळ हवीय."

दहा तास बसनं तो आला. खाण त्यानं तेव्हा सोडली होती, किंवा खाणीनं त्याला. गालाची हाडं वर आलेली, सदरा अंगावर टांगल्यासारखा.

"काय हो, वाळलात," ती म्हणाली.

"तुमचं पीठ बंद झालं ना घरी."

त्याला शेजारच्या काचेच्या खोलीत उभं केलं. तो ओळ देई, ती हिच्या कानावरच्या डब्यात येई, ही उचली. त्याचा आवाज वेगळ्या फितीवर, नंतर पुसून टाकायचा. तुम्ही ती रेकॉर्ड ऐकलीत तर दर ओळीआधी डेलफा क्षणभर थांबते. शहाणे लोक म्हणतात, काय ठहराव आहे! ठहराव नाही, बाबांनो. तिथं आर्विल आहे.

दिवसाला एक गाणं. एका गाण्यानंतर तो भिंतीला टेकून बसे, डेलफा काचेच्या या बाजूला तितकाच वेळ बसे. काचेवर तिचा तळवा, पलीकडून त्याचा.

सहाव्या गाण्यात डोंगरावर बर्फ उतरतो अशी ओळ होती. आर्विलनं त्याच चालीत दिली—

"डेलफा, घर माझं लहान आहे, तरी ये..."

आणि ती गायली! सवय ती. मिळालेली ओळ उचलली, डोळे मिटून शेवटपर्यंत लांबवली. वाजवणारे थांबले. एकजण स्टुलावरून खाली आला. डेलफानं डोळे उघडले.

"हे काय होतं?"

"ओळ."

"गाण्यात नव्हती."

"तू घेतलीस ना? आपल्या चर्चात घेतली की घेतली."

"सवयीनं घेतली."

"लग्नंही सवयीनंच टिकतात म्हणे."

काचेमागे पेटिटचं पोट हसून हलत होतं. डेलफा लाल झाली. "उत्तर इथं नाही देणार. या पोटापुढं तर नाहीच. पहिली रेकॉर्ड हातात घेऊन घरी येईन, तुझ्या दारात, चारचौघांसमोर सांगेन."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे थांब."

थांब. त्याच्याकडे मागण्यासारखं सगळं होतं. फक्त वेळच नव्हता. तो मात्र मान डोलावून म्हणाला, "थांबतो की. मला कुठं जायचंय?"

दहाव्या गाण्यापर्यंत ओळ अर्ध्यावर तुटायला लागली. शेवटच्या कडव्याला आर्विलचे ओठ हलले, आवाज आलाच नाही. डेलफानं काचेतून ते ओठ वाचले आणि गायली. लाल दिवा विझला. ती धावत त्या खोलीत गेली, तेव्हा तो खाली बसला होता आणि रुमालाची घडी घालायचंही विसरला होता.

त्याची बहीण त्याला न्यायला आली. बहीण म्हणजे मॉडी. हीच, शेगडीपाशी विणत बसलीय. डेलफाला निघता येईना. रेकॉर्ड निघेपर्यंत गावोगावच्या रेडिओवर गायचं, असं कागदावर सही करून बसलेली. कागद फाडते म्हणाली. आर्विल म्हणाला, "माझे श्वास त्यात घातलेत. संपवून ये."

फोनवर बोलायचे. बोलायचे कसले...

"काय करतेयस?"

"तुझे श्वास मोजतेय."

"किती झाले?"

"गप्प बस, चुकेन."

फेब्रुवारीत रेकॉर्ड निघाली. डेलफानं कारखान्याच्या दारातच पहिली उचलली, इतकी गरम की कोटाला वाफ सुटली. बस घाटात बर्फात अडकली. ती उतरून चालत निघाली. नऊ मैल. जिथं पाऊल पडे तिथं बर्फ वितळे, मागून सगळी बस त्याच वाटेनं आली! आणि पोचली ती. दारात चारचौघं उभे. आर्विल खाटेवर उशीला टेकून बसलेला. डेलफानं रेकॉर्ड छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हो!"

तसा आर्विल उठला. खिडकी उघडली आणि असा श्वास घेतला, की ओढ्यावरचं आख्खं धुकं आत गेलं. बाहेर सोडला तो पांढरा शुभ्र, काळ्याचा ठिपका नाही. वसंतात लग्न लागलं, आणि आजही ते दोघं त्या पुलावर—

"खोटं," मॉडी म्हणाली. सुया थांबल्या होत्या. "खोटं आहे, हर्शेलकाका. रविवारी पुरलं आम्ही त्याला. ती मंगळवारी आली. 'हो' म्हणाली, तेवढं खरं... पण ओल्या मातीला म्हणाली. मी शेजारी उभी होते."